चिठ्ठीवरचे निदान

चार वर्षांची मुलगी. दोन दिवस ताप, मग कमरेत एक इंजेक्शन, दुसऱ्या दिवशी उजवा पाय लुळा. आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निदान लिहूनच आले होते: इंजेक्शनने नस दुखावली. लुळेपणाचा तो चौथा दिवस होता.

तसे होतेही. सुई चुकीच्या जागी गेली की सायटिक नस, म्हणजे कमरेतून पायात उतरणारा मोठा मज्जातंतू, दुखावते. पण मग पाऊल लोंबते, घोट्याचा झटका (हातोडी मारल्यावर आपोआप होणारी हालचाल) जातो, नडगीच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा येतो. गुडघ्याचा झटका शाबूत राहतो, कारण मांडीच्या पुढच्या स्नायूंची नस वेगळी. इथे सगळे उलटे. हातोडी मारली तरी गुडघा हलेना, पावलापेक्षा मांडी ढिली, आणि टाचणी कुठेही टोचा, मुलगी ओरडत होती. ताप, एकच पाय, संवेदना शाबूत: पोलिओचा संशय घ्यायला एवढे पुरे. इंजेक्शनही अगदी निर्दोष नव्हे. विषाणू अंगात असताना सुई टोचली तर त्याच पायात लुळेपणा येण्याचा धोका वाढतो.

मी चिठ्ठीवर वाद घातला नाही. पंधरा वर्षांखालच्या मुलाला अचानक लुळेपणा आला की आधी आरोग्य खात्याला कळवायचे आणि शौचाचे दोन नमुने घ्यायचे: किमान 24 तासांच्या अंतराने, लुळेपणापासून 14 दिवसांच्या आत. विषाणू रोज सारखा बाहेर पडत नाही, म्हणून दोन. प्रत्येकी 8 ग्रॅम, साधारण अंगठ्याच्या पेराएवढा. आईने पहिला आणला तो चिमूटभर. पुन्हा घ्यावा लागला. घट्ट झाकणाची डबी, 2 ते 8 अंश, तीन दिवसांत प्रयोगशाळा. नमुना नेलेला कॅरिअर, म्हणजे बर्फाचा थंड डबा, पुन्हा लशीसाठी वापरायचा नाही.

विषाणूवर औषध नाही. विश्रांती, पाय सरळ राहील असा आधार, नवे इंजेक्शन शक्यतो नाही, श्वासावर नजर. दुखणे ओसरल्यावर व्यायाम.

वडील लसीकरणाचे कार्ड पुढे करत राहिले: पोलिओचे सगळे डोस झालेत. खरेच झाले होते. पण तोंडावाटेचा प्रत्येक डोस प्रत्येक आतड्यात लागू पडतोच असे नाही. म्हणून कार्ड पाहून नमुना टाळायचा नसतो.

दोन्ही नमुन्यांत पोलिओ विषाणू सापडला नाही, दुसराच एन्टेरोव्हायरस, म्हणजे पोलिओच्याच कुळातला विषाणू, निघाला. साठाव्या दिवशी फेरतपासणी केली तेव्हा उजवी मांडी दीड सेंटिमीटर बारीक होती, आणि पाऊल टाकताना मुलगी हाताने गुडघा मागे दाबत होती.