हेल्मेट कॅमेरा: बॉडी ठरली, केबल बाकी

स्कायडायव्हिंगमध्ये, म्हणजे विमानातून पॅराशूट घेऊन उडी मारताना, फोटो काढायला हेल्मेटवर कॅमेरा बसवतोय. मागच्या नोंदीनंतरची प्रगती एवढीच, की कॅमेरा ठरला. सोनी ए६४००. सेन्सर आणि मेगापिक्सेलवर हवा तेवढा काथ्याकूट झाला, पण निकाल लागला तो बॉडीवरच्या एका भोकावरून: वायरचा रिमोट लागतो की नाही. कॅननची एम५० याच कारणाने बाद. हलकी आहे, स्वस्त मिळते, पण वायरच्या रिमोटला जागाच नाही. ब्लूटूथ रिमोट चालतो म्हणे, जमिनीवर चालतोही. पण ४००० मीटरवर, विमानाच्या दारात लटकून, जोडणी झोपली की जागी आहे हे बघायला सवड कोणाला असते?

फ्री फॉलमध्ये, म्हणजे पॅराशूट उघडण्याआधी, पोट खाली ठेवून पडताना वेग ताशी १९० किमीच्या आसपास असतो, आणि तिथे हात म्हणजेच ब्रेक नि सुकाणू. शटरसाठी एक हात आत घेतला की आपण गरकन फिरलोच. म्हणून बटण तोंडात. दातांनी चावायचा बाइट स्विच, जिभेने दाबायचा टंग स्विच आणि फुंकर मारायचा ब्लो स्विच, असे तीन प्रकार आहेत. मी चावायचा घेतला. हातमोजे घातलेले असोत, थंडी असो, चावणं चुकत नाही. सवय व्हावी म्हणून घरी तोंडात धरून वावरतो, परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं, "दात दुखतोय का रे?"

स्विचच्या वायरची आतली रचना अगदी साधी आहे. कॅननच्या (एम५० नव्हे, वायरचा रिमोट घेणाऱ्या बॉडींच्या) २.५ मिमी पिनेवर तीन भाग असतात: बुंधा समाईक, मधलं कडं फोकसचं, टोक शटरचं. टोक बुंध्याला जोडलं की फोटो. सोनीचं सॉकेट वेगळं असल्याने केबल वेगळी लागते, तत्त्व तेच. दुकानात जाताना साधा वायरचा रिमोट खिशात न्या आणि लावूनच बघा.

ऑटोफोकसच्या मी नादी लागणार नाही. मोकळ्या आभाळावर तो चाचपडत बसतो. शिवाय कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या बऱ्याच किट लेन्समध्ये फोकसची रिंग मोटर फिरवते. कॅमेरा बंद करून चालू केला की आपण ठेवलेली जागा गेली, वर टेप लावून उपयोग शून्य. म्हणून सॅमयांगची १२ मिमी लेन्स, पूर्ण हाताने फिरणारी. एफ/५.६ वर फोकस दीड मीटरला ठेवला की साधारण पाऊण मीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट. मग रिंगवर टेप आणि विषय संपला. या लेन्सशी कॅमेऱ्याचं बोलणं होत नाही, त्यामुळे मेन्यूत "रिलीज विदाउट लेन्स" (लेन्स नसली तरी शटर उडू देणारी सेटिंग) चालू करावं लागतं, नाहीतर कितीही चावा, शटर ढिम्म. पॉवर सेव्ह ३० मिनिटांवर, म्हणजे विमान वर चढेपर्यंत कॅमेरा झोपत नाही. सायलेंट (बिनआवाजाचं इलेक्ट्रॉनिक) शटर मात्र बंद. त्यात ट्विन ऑटर विमानाच्या पंख्याची पाती केळ्यासारखी वाकलेली येतात.

वजन: बॉडी ४०३ ग्रॅम, लेन्स अडीचशेच्या आत. हेल्मेट धरून सगळं किलोच्या वर जातं, आणि पॅराशूट उघडताना चार जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या चौपट) झटका बसला तर मानेला ते चौपट. फुल फ्रेमवाले (मोठ्या सेन्सरचे कॅमेरे वापरणारे) काहीही म्हणोत, मान माझी आहे.

आता केबल. तोंडातून निघून हनुवटीच्या पट्ट्याखालून आत न्यावी, असा सध्या विचार आहे. अडचण अशी, की पॅराशूटची दोरी कॅमेऱ्यात अडकली तर एका ओढीत हेल्मेट सुटलं पाहिजे, आणि त्या वेळी केबलने ते धरून ठेवता कामा नये. म्हणून मध्ये ओढताच निसटणारा जोड टाकतोय. पण तोच जोड वाऱ्याने आपोआप सुटू नये, यासाठी किती घट्ट ठेवायचा, ते आधी जमिनीवर ओढून बघणार. २०० उड्यांच्या आत कॅमेरा नको, हा यूएसपीएचा (अमेरिकेतल्या पॅराशूट संघटनेचा) सल्ला आहे आणि तो छोट्या ॲक्शन कॅमेऱ्यालाही लागू आहे. नव्यांनी तोवर जमिनीवर चावत बसावं.