मच वेनलॉक : दुसऱ्यांच्या शेतांतून धावताना

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेकडे झुकलेल्या श्रॉपशर परगण्यात मच वेनलॉक नावाचे जेमतेम तीन हजार वस्तीचे गाव आहे. नोकरीनिमित्त टेलफर्डला राहत असताना सुटीच्या दिवशी मी तिथे धावायला जाऊ लागलो. गावाबाहेर पडताच वाट सरळ कोणाच्या तरी गव्हाच्या शेतात शिरते, पुढे कोणाच्या तरी मेंढ्यांमधून जाते आणि क्वचित घराच्या अंगणालाही चाटून जाते. परवानगी कोणाची घ्यायची, हा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. ती कोणाचीच घ्यावी लागत नाही.

इंग्लंडमध्ये जमीन खासगी असली, तरी तिच्यावरून जाणाऱ्या जुन्या वाटांवर लोकांचा कायदेशीर हक्क असतो आणि १९४९ च्या कायद्याने अशा वाटांची अधिकृत नोंद ठेवण्याचे काम स्थानिक प्रशासनांवर सोपवले आहे. खांबावर पिवळा बाण असेल तर ती पायवाट. निळा असेल तर घोडवाट, जिच्यावर १९६८ पासून सायकललाही मुभा आहे. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेच्या एका किलोमीटरला चार सेंटिमीटर अशा प्रमाणाच्या नकाशावर या वाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. शेतकऱ्याने पेरणीसाठी शेत नांगरताना मधली पायवाट मोडली, तर ती चौदा दिवसांच्या आत पुन्हा चालण्याजोगी करून देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर कमरेइतक्या पिकातून माणूसभर रुंदीची सरळ पट्टी गेलेली दिसते. तिच्यातून धावताना दोन्ही हातांना ओंब्या लागत राहतात, आणि आपण अतिक्रमण करीत आहोत ही भावना जायला बराच काळ लागतो.

गावातली सर्वांत सोपी फेरी लिंडन फील्ड या मैदानाभोवतीची. मैदान साधेच आहे, पण १८५० साली गावचे डॉक्टर विल्यम पेनी ब्रूक्स यांनी मच वेनलॉकमध्ये ‘ऑलिंपियन’ नावाने खेळ सुरू केले आणि पुढे ते याच मैदानावर भरू लागले. धावणे, क्रिकेट आणि फुटबॉलच्या जोडीला डोळे बांधून ढकलगाडी पळवण्याची शर्यत होती, आणि एक पौंड चहाच्या बक्षिसासाठी म्हाताऱ्या बायकांची शर्यतही होती. १८९० मध्ये आधुनिक ऑलिंपिकचे जनक मानले जाणारे पिएर द कुबर्टिन हे खेळ पाहायला आले. त्यांच्या सन्मानार्थ लावलेला ओक वृक्ष मैदानाजवळ आहे. ब्रूक्स डिसेंबर १८९५ मध्ये वारले आणि त्यानंतर चारच महिन्यांनी अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरले. लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमधील एका शुभंकराचे नाव ‘वेनलॉक’ होते, ते या गावावरून. मैदानाला लागून असलेल्या विंडमिल हिलवर पंख नसलेल्या पवनचक्कीचा दगडी बुरूज उभा आहे. ती टेकडी लहान असली तरी चढ तिखट आहे, आणि तिच्यावर दम टाकत उभे राहिले की पूर्वीचे प्रेक्षक या उतारावर बसून खेळ का पाहत असत, ते लगेच कळते.

खरी धाव मात्र गावाच्या नैर्ऋत्येला पसरलेल्या वेनलॉक एज या लांबलचक कड्यावरची. ब्लेकवे हॉलो या खोलगट, जुन्या वाटेने वर चढून झाडीत शिरले की डावी-उजवीकडे खाणींचे खड्डे आणि पडक्या चुनाभट्ट्या दिसू लागतात. हा कडा सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील उथळ, उबदार समुद्रात साठलेल्या चुनखडीचा आहे. पायाखालच्या दगडांत प्रवाळ आणि शिंपले स्पष्ट दिसतात, आणि त्या काळाच्या एका भूशास्त्रीय कालखंडाला याच गावाचे नाव मिळाले आहे. साडेसहा कोटी वर्षांच्या आपल्या सह्याद्रीचा काळा दगड त्यामानाने अगदी तरुण म्हणायचा. पाऊस पडून गेला की ही गुळगुळीत चुनखडी भलतीच निसरडी होते, आणि कड्याच्या पश्चिमेला खाली उतरावे तर चिकणमातीचा चिखल बुटाला धरून बसतो. कोरड्या दिवशी कडा आणि ओल्या दिवशी डांबरी रस्ता, असा माझा साधा हिशेब आहे. मे महिना त्याला अपवाद, कारण तेव्हा झाडांखाली रानलसणाची पांढरी फुले आणि ब्लूबेलची निळी फुले एकाच वेळी फुललेली असतात आणि चिखलाची तक्रार करवत नाही.

याच वाटेवर मेजर्स लीप नावाची जागा आहे. सतराव्या शतकातील इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढणारा मेजर स्मॉलमन पाठलाग चुकवण्यासाठी घोड्यासह इथून खाली उडी मारून गेला. घोडा मेला, पण मेजर झाडात अडकून वाचला, अशी कथा सांगतात. कड्याची उंची पाहता मला घोड्याचीच बाजू जास्त पटते. इथून पुढे जॅक मिटन वे ही लांब पल्ल्याची घोडवाट लागते. तिला ज्याचे नाव दिले आहे त्या जमीनदाराने उचकी थांबावी म्हणून स्वतःच्या अंगरख्याला आग लावली होती, असे म्हणतात.

परतताना शक्य तिथे मी जुन्या रेल्वेमार्गाचा भाग निवडतो. गावात रेल्वे आली ती १८६२ साली, तीही ब्रूक्स यांच्याच खटपटीने, आणि शेवटची प्रवासी गाडी गेली १९६२ मध्ये. रूळ उखडले गेले, पण वाफेच्या इंजिनाला झेपेल असा बेताचा चढ राहिला आणि तोच दमलेल्या पायांना मानवतो. कड्यावर देखावा असतो हे मान्य, पण लय सापडते ती या सपाट वाटेवर.

लांब धावायचे असेल त्याने ईशान्येला आयर्नब्रिजकडे जावे. बेंथॉल एजच्या दाट झाडीतून वाट सेव्हर्न नदीकडे उतरते आणि १७७९ मध्ये उभारलेल्या लोखंडी पुलाशी येऊन थांबते. तिथल्या भट्ट्यांना लोखंड वितळवताना लागणारी चुनखडी याच परिसरातील खाणींतून जात असे, तेव्हा या दिशेचा प्रवास काही नवा नाही. जाताना उतार आहे, येताना तितकाच चढ. म्हणून पाणी आणि खाऊ परतीसाठी राखून ठेवावे. वाटेत गाई वासरांसह चरत असतील तर धावणे थांबवून, त्यांना मोठा वळसा घालून शांतपणे चालत जावे. डिसेंबरात चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे त्या दिवसांत ही फेरी दुपारच्या जेवणाआधीच उरकलेली बरी.