आमची वाटचाल : सर्व्हरवरून लॅपटॉपवर, आणि अर्धं परत

सुरुवातीला सॉफ्टवेअर लिहिणारे आम्ही तिघं होतो आणि सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा दूरचा संगणक, एकच. कोड तिथेच, डेटाबेस तिथेच. एसएसएच करून, म्हणजे आपल्या टर्मिनलमधून, आत शिरायचं, विम या टर्मिनलमधल्याच एडिटरमध्ये फाइल उघडायची, बदलायची. लॅपटॉपवर काही बसवायची कटकट नाही, याचं आम्हाला भारी कौतुक. एकदा बिलिंगची फाइल मी सकाळीच उघडून ठेवली आणि संध्याकाळी सेव्ह करायला गेलो. विमने बजावलं, की वाचल्यानंतर ही फाइल बदलली आहे, खरंच लिहू का? मी सवयीने ‘वाय’ दाबलं. सहकाऱ्याचं दिवसभराचं काम गेलं. तो काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट २००५ पासून होतं, आळस आमचा होता. त्यानंतर आम्ही गिट घेतलं आणि सगळा कोड प्रत्येकाच्या मशीनवर आला. अख्खा इतिहास जवळ असल्यामुळे नेट नसलं तरी कमिट करता येई, म्हणजे बदल नोंदवता येई, आणि बदल केला की पान क्षणात दिसे. ही चटक एकदा लागली की सुटत नाही.

पण लगेच ‘माझ्याकडे तर चालतंय’ सुरू झालं. एकाच्या मॅकवर सगळं सुरळीत, सर्व्हरवर चढवलं की ‘फाइल सापडत नाही’. अर्धा दिवस आम्ही परवानग्या तपासत बसलो. निघालं काय, तर फाइलच्या नावातलं पहिलं अक्षर कॅपिटल होतं आणि कोडमध्ये स्मॉल. मॅक नेहमीच्या सेटिंगमध्ये हा फरक मानत नाही, सर्व्हरवरचा लिनक्स मानतो. मग डॉकर आणलं, म्हणजे प्रोग्राम त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट एका ‘इमेज’मध्ये बांधून चालवायचा. बरेच तंटे मिटले, पण मॅकवर डॉकर आत एक लिनक्स व्हर्च्युअल मशीन (संगणकातला संगणक) चालवतं, त्यामुळे हजारो छोट्या फाइली वाचताना लॅपटॉप घरघरायला लागायचा. पुढे इंटेलपेक्षा वेगळ्या, आर्म चिपचे लॅपटॉप आले आणि तिथे बनवलेली इमेज इंटेलच्या सर्व्हरवर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देऊन पडली.

तेव्हा कुणीतरी म्हणालं, पुन्हा सर्व्हरवरच जाऊ. माझा विरोध होता. साध्या एसएसएचमध्ये दाबलेली प्रत्येक की सर्व्हरपर्यंत जाऊन परत येते, मगच अक्षर उमटतं. त्यात २०० मिलिसेकंद गेले तरी हात अडखळतो. व्हीएस कोड या एडिटरचं रिमोट एक्स्टेंशन वापरून पाहिल्यावर मात्र माझं मत बदललं. ते २०१९ मध्ये आलं. त्यात टायपिंग आपल्याच मशीनवर होतं, आणि फाइली, टर्मिनल, शोधाशोध पलीकडे.

सध्या वेबचा पुढचा भाग लोकल आहे. जड टेस्ट आणि मोठा डेटाबेस रिमोट, प्रत्येकाला वेगळं खातं आणि वेगळा डेटाबेस. ग्राहकाचा खरा डेटा लॅपटॉपवर उतरवायचा नाही, यावर मात्र चर्चा नाही. लॅपटॉप हरवतात. नेट गेलं की रिमोटवाले चहाला उठतात, एवढी किंमत आम्ही धरून चालतो.

तो बिलिंगवाला सहकारी अजून सर्व्हरवर टीमक्स लावून विममध्येच काम करतो. नेट तुटलं तरी त्याचं सेशन तिकडे चालूच राहतं. त्याला लॅग, म्हणजे की दाबल्यावरचा उशीर, जाणवत नाही म्हणतो. मी जास्त विचारत नाही.