थडग्यामागची बाई

दुसऱ्या रिळाचं स्कॅन मॉनिटरवर लावलं आणि कब्रस्तानाचा प्रसंग आला. कथेप्रमाणे मध्यरात्र. समोर लख्ख दुपार. गवताचं पातं न् पातं दिसत होतं, क्रुसांच्या सावल्या जमिनीवर धारदार पडल्या होत्या आणि नायक पेटवलेला कंदील हातात धरून भर उन्हात थडगी धुंडाळत होता.

मी लंडनमध्ये जुन्या चित्रपटांच्या रिस्टोरेशनचं काम करते. माझ्याकडे रंगांची बाजू असते. त्याआधी मुंबईत, अंधेरीला, फ्रेमवरची धूळ आणि ओरखडे पुसायचं काम केलं. परदेशी चित्रपटांच्या फ्रेमा पुसण्याचं बरंचसं काम आजही मुंबई-चेन्नईतच होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. ज्या चित्रपटाबद्दल लिहितेय तो साठच्या दशकातला ब्रिटिश भयपट आहे. त्याची फोर-के (खूप बारीक तपशील दाखवणारी) डिस्क अजून बाजारात यायची आहे, करारामुळे नाव सांगता येत नाही. पण ज्यांनी पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली या नटांचे, हॅमर या ब्रिटिश कंपनीचे चित्रपट पाहिलेत, त्यांना त्याची जातकुळी लगेच कळेल: डोंगरावरचा किल्ला, घाबरलेलं गाव, चार घोड्यांची बग्गी, शवपेटीतून उठणारा उमराव.

हॅमरने १९५७ मध्ये ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाईन’ आणि १९५८ मध्ये ‘ड्रॅक्युला’ काढला. दोन्हींचे दिग्दर्शक टेरेन्स फिशर, दोन्हींचे छायाचित्रकार जॅक अ‍ॅशर. तोवर किल्ले आणि शवपेट्यांचा भयपट म्हणजे बहुतेक कृष्णधवल. या दोघांनी त्यात रंग आणला आणि पडद्यावर रक्त पहिल्यांदा असं भडक लाल दिसलं. सगळं घडायचं थेम्सकाठी ब्रे इथल्या एका जुन्या वाड्यात आणि त्याच्या आवारातल्या छोट्या स्टुडिओत. बर्नार्ड रॉबिन्सन हे कलादिग्दर्शक तेच खांब, तेच जिने फिरवून मांडायचे आणि पुढच्या चित्रपटात नवा किल्ला उभा राहायचा. ‘ड्रॅक्युला’चा अख्खा खर्च सुमारे ८१ हजार पौंड. एवढ्या पैशात रात्रीचं बाहेरचं चित्रीकरण परवडत नाही. मोठे दिवे, जनरेटर, रात्रपाळीचा जादा पगार, सगळंच आलं. मग बकिंगहॅमशायरमधल्या ब्लॅक पार्कच्या जंगलात बग्गी दुपारीच धावायची आणि प्रेक्षकाला रात्र दिसायची.

ही रात्र तयार व्हायची दोन टप्प्यांत. आधी कॅमेऱ्यावर: सूर्य पात्रांच्या पाठीशी घ्यायचा, म्हणजे केसांची आणि खांद्यांची कड चांदण्यासारखी उजळते, आकाश चौकटीत येऊ द्यायचं नाही, जमल्यास थोडं कमी एक्सपोज करायचं, म्हणजे फिल्मवर प्रकाश कमी पडू द्यायचा. पण अर्ध्याहून जास्त काम लॅबमध्ये, प्रिंट काढताना. निगेटिव्हवरून, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ फिल्मवरून, प्रिंट काढताना लाल आणि हिरवा प्रकाश वाढवला की प्रिंटवर निळा गडदपणा चढतो. कुठला प्रकाश किती, याचे आकडे ग्रेडर, म्हणजे लॅबमधला रंग जुळवणारा माणूस, शॉटगणिक ठरवायचा. म्हणजे त्या चित्रपटातली रात्र निगेटिव्हमध्ये कधीच नव्हती. ती थिएटरला जाणाऱ्या प्रिंटमध्ये होती.

आता होतं काय, की डिस्कसाठी आम्ही शक्य तोवर मूळ निगेटिव्ह स्कॅन करतो, कारण बारकावे तिथेच सर्वांत जास्त. आणि निगेटिव्हबरोबर ग्रेडरच्या नोंदी आल्या नाहीत, तर हाती येते ती दुपार. याच चित्रपटाची जुनी डीव्हीडी अशीच निघाली होती. त्यामुळे कित्येक रसिक आजही मानतात की हा चित्रपट गबाळ्या लोकांनी केला. रक्तपिपासू उन्हात फिरतोच कसा, असं विचारतात. त्यातही एका शॉटवर सगळे हसतात. नायक कंदील घेऊन पुढे येतो, आणि मागे उजव्या हाताच्या थडग्याजवळ पांढऱ्या कफनातली बाई शॉटच्या पहिल्या क्षणापासून सरळ दिसते. दिग्दर्शकाच्या इशाऱ्याची वाट पाहत नटी उभी आहे, हे स्पष्ट कळतं. मग ती चार पावलं पुढे येते आणि नायक दचकतो. आपल्याला काहीच वाटत नाही.

मला तो प्रसंग अंधारात न्यायचा होता, यात शंकाच नव्हती. पण किती? स्लाइडर माझ्या हातात आहे म्हणून माझ्या मनातली रात्र त्या चित्रपटावर लादायची नाही, या एका गोष्टीवर मी हटून असते. १९६० च्या आसपास ब्रिटनमधल्या एखाद्या गावात तिकीट काढून बसलेल्या माणसाला जे दिसलं, ते मला हवं होतं. त्याला पुरावा लागतो. नोंदींचा पत्ता नव्हता. निर्मात्यांकडच्या संग्रहातली एकुलती एक प्रिंट ईस्टमनकलर होती, म्हणजे जिच्यात रंग फिल्मच्या आतच रसायनाने तयार होतात अशी, आणि त्या काळच्या ईस्टमनकलर प्रिंटांचं दुखणं सर्वांना माहीत आहे: निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि अख्खा चित्रपट गुलाबी होतो. गुलाबी रात्रीवरून काही ठरवता येत नाही.

म्हणून आम्ही गेले काही आठवडे एका खासगी संग्राहकाच्या मागे होतो. त्याच्याकडे याच चित्रपटाची टेक्निकलरची छापील प्रिंट आहे असं कळलं होतं. संग्राहक मंडळी सहजी विश्वास टाकत नाहीत, आणि तो नाहीच टाकत होता. अखेर एकच रीळ पाठवायला राजी झाला, म्हणाला, हे नीट परत आलं तर पुढचं बघू. ते रीळ त्याच दिवशी दुपारी आलं.

असल्या डब्यांचं मोल ‘ड्रॅक्युला’च्या गोष्टीवरून कळावं. १९५८ मध्ये ब्रिटिश सेन्सॉरने त्यातले काही तुकडे कापायला लावले होते. जपानला गेलेली प्रिंट जरा मोकळी होती, अशी कुजबुज कित्येक वर्षं चालू होती. २०११ मध्ये टोकियोच्या नॅशनल फिल्म सेंटरमध्ये त्या जपानी प्रिंटची शेवटची चार रिळं खरोखर सापडली. आधीची पाच १९८४ च्या आगीत गेली होती आणि उरलेल्या चारांनाही आगीची आणि पाण्याची झळ लागली होती. पण त्यातच ड्रॅक्युलाच्या अंताचे हरवलेले शॉट होते, स्वतःच्या चेहऱ्याची कातडी बोटांनी ओरबाडणारा ख्रिस्तोफर ली होता. २०१३ मध्ये ते ब्लू-रेवर आले. जवळजवळ पंचावन्न वर्षं जगाने तो शेवट अपुराच पाहिला होता! (त्या डिस्कच्या निळसर छटेवरून रसिकांत अजूनही वाद झडतात. मी तो वाद मनापासून वाचते, कारण लोकांना रंगाची इतकी चाड असणं ही आमच्या धंद्याला जगवणारी गोष्ट आहे.)

डबा उघडण्याआधी वास घेतला. अ‍ॅसिटेटची फिल्म कुजायला लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो, आणि असं रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवावं लागतं, कारण त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते. वास नव्हता. हातमोजे घालून बेंचवर रीळ हळूहळू उलगडलं. काठाची भोकं बऱ्याच ठिकाणी फाटलेली, जोड सुटायला आलेले. प्रोजेक्टरवर चढवायचा प्रश्नच नव्हता. पण ध्वनिपट्टी राखाडी-काळी, ही टेक्निकलरची खूण, आणि चित्र... ते पाहून मी आमच्या स्कॅनिंगच्या माणसाला हाक मारली.

टेक्निकलरच्या या पद्धतीत रंग फिल्मच्या आत रसायनाने तयार होत नाहीत. ठशांनी कापडावर रंग छापावेत तसे तीन रंग एकावर एक छापले जातात, आणि ते रंग पक्के असतात. ही पद्धत खर्चिक पडू लागली आणि सत्तरच्या दशकात ब्रिटनमध्येही बंद झाली. पण त्या प्रिंटा आजही जशाच्या तशा आहेत. इतक्या वर्षांनंतर त्या पट्टीवर नायकाच्या गळ्यातला लाल रुमाल असा दिसत होता, की तो शेजारच्या मॉनिटरवर उतरवायला मला पुढे बराच वेळ लागला.

लाइटबॉक्सवर पट्टी ठेवली, भिंग लावलं आणि कब्रस्तानापाशी आले. रात्र होती. करडी-निळी, दाट. आकाश नाही, गवत नाही, जवळच्या दोन क्रुसांच्या फक्त कडा. कंदिलाची ज्योत म्हणजे पिवळट ठिपका, त्याचा उजेड नायकाच्या हातावरसुद्धा नीट पडत नव्हता. मी सवयीने उजवीकडच्या थडग्याकडे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं.

फ्रेम पुढे सरकवली. कुणी नाही. आणखी पुढे. थडग्याच्या जागी नुसता काळा डाग. मग त्या काळ्यातून आधी एक फिकी पट्टी आली, तो कफनाचा काठ होता, पुढच्या काही फ्रेमांत खांदा, आणि मग चेहरा अचानक पूर्ण उजळला. मी स्कॅनमध्ये तीच फ्रेम काढून पाहिली. त्या ठिकाणी तिच्या पायापासून एक पाऊल अलीकडे झाडाची सावली संपत होती. म्हणजे छायाचित्रकाराने तिला मुद्दाम सावलीत उभं केलं होतं. लॅबमध्ये चित्र गडद झालं की सावली पार काळी होणार आणि ती नाहीशी होणार, हे त्याने भर उन्हात उभं राहून आधीच हिशेबात धरलं होतं. ज्या शॉटला लोक इतकी वर्षं हसत आले, तो त्या रिळातला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला शॉट होता. त्याच्या कामाची अर्धी बाजू व्हिडिओवाल्यांनी पुसून टाकली आणि दोष त्याच्या माथी आला. याचा मला त्या दिवशी फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

पुढचे चार तास मी आणि सहायकाने लाइटबॉक्स आणि मॉनिटर शेजारी ठेवून शॉट जुळवला. मधेच एक अडचण निघाली. धूळ काढणारं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमेशी ताडून पाहतं आणि जे एकाच फ्रेमेत आहे त्याला घाण समजतं. कंदिलातून उडणाऱ्या ठिणग्या त्याने सफाईने खाल्ल्या होत्या. पावसाचे थेंब, उडती राख, ठिणग्या यांच्याबाबत हे हमखास होतं, म्हणून असे शॉट माणसाने हातानेच साफ करावे लागतात. त्या ठिणग्या मूळ स्कॅनमधून परत आणल्या.

संध्याकाळी डिस्क कंपनीच्या निर्माती आल्या. हुशार बाई, चित्रपटावर जीव आहे. त्यांनी शॉट पाहिला आणि म्हणाल्या, “सुंदर आहे, पण एवढं काळं विकत घेणाऱ्याला चालणार नाही. लोक दिवाणखान्यात, दिवे लावून बघतात. फोर-के आहे, एचडीआर आहे, कंदील तरी झगमगला पाहिजे.” त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. अंधाऱ्या थिएटरात डोळा सरावतो आणि काळ्यातही थोडं दिसत राहतं. घरच्या टीव्हीवर तोच काळा ठोकळ्यासारखा होतो. पण कंदिलाला मी ठाम नकार दिला. प्रिंटवर तो मंद आहे. एचडीआर म्हणजे उजळ भाग आणखी लख्ख दाखवणारं तंत्र. त्यात कंदील झगमगवला तर पहिली शंका ही येणार, की एवढा उजेड आहे तर बाई दिसत कशी नाही.

त्यांना लाइटबॉक्सपाशी नेलं आणि भिंग हातात दिलं. त्यांनी स्वतः पट्टी पुढेमागे सरकवून पाहिली. मग जुन्या डीव्हीडीतला तोच शॉट मागितला, तो पाहिला, आणि बराच वेळ आम्ही अंधाराच्या मात्रेवरच बोलत राहिलो. शेवटी ठरलं ते असं: थडग्याभोवतीचा भाग प्रिंटइतकाच काळा राहील, लांबच्या झाडांच्या कडा मात्र टीव्हीसाठी किंचित उचलायच्या, म्हणजे जागेचा अंदाज राहतो. कंदील मंदच. आणि डिस्कबरोबरच्या पुस्तिकेत एक पान या शॉटला, त्यात निगेटिव्हमधली दुपार आणि तयार झालेली रात्र शेजारीशेजारी. हे शेवटचं त्यांनीच सुचवलं. झाडांच्या बाबतीत माझं मन अजून पुरतं मानत नाही, पण मी ते मान्य केलं.

सुटलेले जोड नव्याने जोडून, फाटकी भोकं पारदर्शक पट्टीने सांधून आम्ही रीळ संग्राहकाला परत पाठवलं, सोबत प्रत्येक दुरुस्तीची यादी. त्याचं उत्तर आलंय: पुढची दोन रिळं पाठवतो. त्यातल्या एकात किल्ल्याचा जिना आहे. आमच्या स्कॅनमध्ये तो करड्या दगडाचा दिसतो आणि ‘पांढरा समतोल’ केला, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसेल असे रंग जुळवले, की आणखीच करडा होतो. पण जॅक अ‍ॅशर दिव्यांपुढे जांभळी, हिरवी जिलेटिनं (रंगीत पारदर्शक कागद) लावून अशा भिंती रंगवायचे, आणि त्यांचं पाहून त्या काळात इतरांनीही ते केलं. त्यामुळे संग्राहकाची प्रिंट येईपर्यंत त्या जिन्याला कुणी हात लावायचा नाही, असं मी प्रकल्पाच्या फळ्यावर लिहून ठेवलंय.