सॅटायव्हा, सॅटायव्हम, सॅटायव्हस

भाताचं शास्त्रीय नाव ओरायझा सॅटायव्हा, लसणाचं ॲलियम सॅटायव्हम, केशराचं क्रोकस सॅटायव्हस. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. मुलं ही नावं घडाघडा म्हणतात आणि उत्तरपत्रिकेत नेमका शब्दाचा शेवट चुकतो. पाठांतर कमी पडतं असं मला वाटत नाही. त्यामागचं व्याकरण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

हे तीन शब्द नव्हेत. लॅटिनमधलं एकच विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतं. ओरायझा स्त्रीलिंगी, ॲलियम नपुंसकलिंगी, क्रोकस पुल्लिंगी. चांगला, चांगली, चांगलं म्हणणाऱ्याला यात अवघड काय? फक्त आपलं लिंग तिथं लावू नये. काकडी मराठीत ‘ती’, पण लॅटिनमधला कुकुमिस ‘तो’, म्हणून कुकुमिस सॅटायव्हस. नामाच्या शेवटावरही विसंबून चालत नाही. ‘पायनस’ (चीड, म्हणजे पाइनचं झाड) ऐकायला पुल्लिंगी वाटतं, पण लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुधा स्त्रीलिंगी असतात. म्हणून पायनस नायग्रा. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार हा मेळ सक्तीचा आहे. कुणी चुकीचा शेवट छापला, तर तो सुधारून घेतात.

मला खरी गोडी आहे ती या विशेषणाच्या व्युत्पत्तीची. ‘सेरो’ म्हणजे मी पेरतो. त्याचं जुनं रूप ‘सिसो’: संस्कृतात ‘स्था’चं ‘तिष्ठति’ होताना धातूला द्वित्व येतं, म्हणजे त्याचा सुरुवातीचा भाग दोनदा येतो, तसंच इथे. पुढे दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ झाला. ‘पेरलेलं’ याला ‘सतुस’. यातला ‘तुस’ आणि ‘स्थित’मधला ‘त’ एकाच मुळातून आलेले आहेत. त्याला ‘ईवुस’ जोडलं की झालं ‘सतीवुस’, म्हणजे लागवडीचं. आपल्याकडे त्याचा उच्चार ‘सॅटायव्हस’ होतो, तो इंग्रजी वळणाने. याच्या उलट ‘सिल्व्हेस्ट्रिस’, रानातलं. ते आपल्या ‘सुंदर’सारखं: पुल्लिंगी-स्त्रीलिंगी रूप एकच, फक्त नपुंसकलिंगात ‘सिल्व्हेस्ट्रे’.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये केशराला ‘सॅटायव्हस’ म्हटलं. केशराच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे त्याला बी धरत नाही. शेतकरी कंद लावूनच ते वाढवतात. मग त्याला ‘पेरलेलं’ कसं म्हणायचं, असं एका मुलीने विचारलं. फार चांगला प्रश्न. लॅटिनच्या त्या क्रियापदात पेरणं आणि लावणं, दोन्ही येतं.