सॉल्टेअर ते बिंगली: कालव्याकाठची पाच किलोमीटर

इंग्लंडमध्ये कुणी ‘चल, जरा पाय मोकळे करून येऊ’ म्हटलं की सावध व्हावं. ही माणसं तुम्हाला डोंगरावर नेतात. चिखल, दगडी कुंपणं, मेंढ्या, आणि उतरताना गुडघे कुरकुरायला लागतात. ज्यांना चालायचंय पण चढायचं नाही, त्यांनी कालवा धरावा. बोटी ओढणारे घोडे ज्या वाटेने चालायचे तो टो-पाथ अजून शाबूत आहे, आणि पाणी सपाट म्हणून वाटही सपाट. यॉर्कशरमधली माझी सर्वात लाडकी अशी वाट सॉल्टेअरहून बिंगलीला जाते. साधारण पाच किलोमीटर, लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या काठाने.

हा कालवा 204 किलोमीटर लांबीचा. काम सुरू झालं 1770 मध्ये, आणि सबंध कालवा पुरा व्हायला 1816 उजाडलं. मधे अमेरिकेतलं युद्ध आलं, पैसे संपले, कुठून न्यायचा यावरून यॉर्कशर आणि लँकेशरवाल्यांचे वाद झाले. प्रकल्प फक्त सरकारचेच रखडतात असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी सांगते, हा खाजगी कंपनीचा होता.

सॉल्टेअर हे गावच एका माणसाने वसवलं. टायटस सॉल्ट हा ब्रॅडफर्डचा लोकरीचा कारखानदार. दक्षिण अमेरिकेतल्या अल्पाका या प्राण्याच्या लोकरीचं कापड विणून त्याने अमाप पैसा केला. ब्रॅडफर्ड तेव्हा धुराने काळवंडलेलं, 1849 मध्ये तिथे कॉलऱ्याने कहर केला, आणि सॉल्ट नेमका त्याच सुमारास तिथला महापौर होता. मग त्याने शहराबाहेर, एअर नदीच्या खोऱ्यात जागा घेतली. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला रेल्वे, मधे गिरणी. 1853 मध्ये, स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, त्याने ती सुरू केली. पाठोपाठ कामगारांसाठी दगडी घरं, शाळा, चर्च, न्हाणीघरं, म्हाताऱ्यांसाठी निवारा. दारूचा गुत्ता मात्र नाही.

रस्त्यांच्या पाट्या वाचत फिरा. कॅरोलाइन ही बायको. जॉर्ज, एडवर्ड, हर्बर्ट, एडा, फॅनी ही मुलं. आर्किटेक्ट लॉकवूड आणि मॉसन यांच्याही वाट्याला एकेक रस्ता आला. सूत कातणाऱ्या एखाद्या बाईचं नाव कुठे दिसेना. घरांतही हुद्दा दिसतो: मुकादमांची मोठी, हाताखालच्यांची लहान. सॉल्टला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. त्या काळात गिरणी कामगाराला नळाचं पाणी आणि स्वतःचा संडास देणारे मालक किती होते? पण नोकरी गेली की घरही जाणार, ही धास्ती त्या सुंदर दगडी भिंतींच्या आत असणारच.

गिरणी 1986 मध्ये बंद पडली. मुंबईतला संप 1982 चा, म्हणजे गिरणगावाचा आणि या गावाचा पडता काळ जवळपास एकच. पुढचं मात्र वेगळं. जोनाथन सिल्व्हर नावाच्या उद्योजकाने 1987 मध्ये ती इमारत विकत घेतली आणि ब्रॅडफर्डमध्येच जन्मलेल्या डेव्हिड हॉकनीची चित्रं आत लावली. आज तिथे चित्रं, पुस्तकं, कॅफे आहेत आणि आत जायला तिकीट नाही. परळला मॉलमध्ये शिरताना मनात जे येतं ते इथे येत नाही. 2001 पासून हे गाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही आहे.

गिरणीला वळसा घालून टो-पाथवर आलात की पश्चिमेकडे चालत राहा. हर्स्ट वूडची झाडी लागते. काठाला बांधलेल्या बोटींच्या टपावर कुंड्या, लाकडाच्या मोळ्या, एखादी सायकल. काहींचं घरच ते. समोरून येणारा प्रत्येक माणूस ‘मॉर्निंग’ म्हणतो, त्याच्या कुत्र्यालाही तुमची विचारपूस करायची असते. पुढे सात कमानींचा पूल येतो. त्यावरून कालवा जातो आणि खालून एअर नदी. पाण्यावरून पाणी नेलंय, हे डोक्यात शिरायला क्षणभर वेळ लागतो. पुढे डाउली गॅपला दोन लॉक जोडून आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला कप्पा; त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात. पण ही नुसती चुणूक.

खरी गंमत बिंगलीला. आधी तीन लॉकची शिडी, आणि थोडं पुढे पाच लॉकची, फाइव्ह राइज. बोट इथे जवळजवळ 18 मीटर चढते, म्हणजे सहा मजली इमारतीवर. पाचही कप्पे एकमेकांना चिकटलेले. वरच्याचा खालचा दरवाजा तोच खालच्याचा वरचा. त्यामुळे घाई चालत नाही. बोट वर न्यायची असेल तर सर्वात खालचा कप्पा रिकामा आणि वरचे चारही भरलेले हवेत. खाली आणायची तर उलटं: वरचा भरलेला, बाकी रिकामे. क्रम चुकला तर पाणी काठावरून वाहणार, नाहीतर बोट कोरड्या तळावर टेकणार. म्हणूनच इथे लॉककीपरशिवाय बोटीला सोडत नाहीत. तो किल्लीने झडपा उघडतो, बोटवाले पाठ टेकवून दरवाजाची अवजड लाकडी तुळई रेटतात, आणि आपण काठावर उभं राहून फुकटचे सल्ले देतो.

हे सगळं 1774 चं आहे. ब्रॅडफर्डच्या व्यापाऱ्यांना वरच्या क्रेव्हन भागातला चुनखडीचा दगड हवा होता, आणि वाटेत हा उतार आडवा आला. अभियंता जॉन लाँगबॉटम, गवंडी आसपासच्याच गावांतले. उद्घाटनाला तीसेक हजार लोक लोटले, चर्चच्या घंटा वाजल्या, बंदुकांचे बार निघाले. पहिली बोट 28 मिनिटांत खाली उतरली म्हणतात. आजच्या हौशी बोटवाल्यांना तासभरही लागतो. वर पोचलेल्याला पुढे गारग्रेव्हपर्यंत सुमारे 27 किलोमीटर एकही लॉक नाही, म्हणून वर आलेल्या बोटींवर लगेच चहाचं आधण चढतं.

चालायचं तर सॉल्टेअरकडूनच सुरुवात करा. उलट आलात तर फाइव्ह राइज पहिल्या अर्ध्या तासातच संपतो आणि मग पाय ओढत राहावं लागतं. लॉकच्या माथ्यावर कॅफे आहे. वाट उताराची धरली की बिंगलीचं स्टेशन लागतं आणि लोकल काही मिनिटांत सॉल्टेअरला सोडते. कोरड्या उन्हाळ्यात पाणी वाचवायला लॉक बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी कालव्याची देखभाल करणाऱ्या ट्रस्टच्या सूचना बघून घ्या. बोट चढताना नाही पाहिली तर निम्मी मजा गेली.