ज्योत नसलेल्या घरातलं भरीत

अमेरिकेत भाड्याचं घर घेतलं की बऱ्याचदा विजेची शेगडीच वाट्याला येते. वर गुळगुळीत काच, नाहीतर तापून लाल होणारी वेटोळी. पोळ्या होतात, फोडणी होते, पण वांगं भाजायचं कशावर?

त्याची सोय खालच्या ओव्हनमध्ये असते. केक करताना आच मुख्यतः खालून येते आणि आतली गरम हवा पदार्थ शिजवते. ‘ब्रॉइल’चं बटण दाबलं की छताजवळची कॉइल लालबुंद होते आणि धग थेट वरून पदार्थावर पडते, निखारे डोक्यावर टांगावेत तसं. तापमान साधारण ५०० ते ५५० फॅरनहाइट, म्हणजे आपल्याकडचे २६० ते २९० सेल्सियस. पाचेक मिनिटं आधी तापवून घ्यायचं. मग जाळी किती वर सरकवायची, यावरच सगळं अवलंबून.

इथल्या साध्या दुकानातलं वांगं अर्धा-पाऊण किलोचं असतं. ते अख्खं वर ठेवलं तर साल जळते आणि आत कच्चं राहतं. मी ते उभं चिरते, तेल लावते आणि साल वर करून ट्रेमध्ये पालथं घालते, जाळी मधल्या खणात. पंधरा-वीस मिनिटांत साल काळी पडते, गर लोण्यासारखा मऊ होतो. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर छोटी देशी वांगी मिळतात, ती अख्खी चालतात. मात्र सुरीने टोचे मारायला हवेत, नाहीतर आत वाफ कोंडून वांगं फुटतं आणि रविवार ओव्हन घासण्यात जातो.

खरं सांगायचं तर चुलीतल्या वांग्याचा वास या भरताला येत नाही. पेटत्या कोळशावर तूप सोडून धुरी देता येते, पण अपार्टमेंटमध्ये ते धाडसच. शेगडीवरचा पंखा कित्येक घरांत धूर बाहेर टाकत नाही, गाळून परत खोलीतच सोडतो. त्यामुळे छतावरचा धुराचा अलार्म केव्हाही कोकलू शकतो. मी आधीच खिडकी उघडते.

मासे मात्र ब्रॉइलखाली तव्यापेक्षा बरे होतात, असं माझं मत. हळद, मीठ, मालवणी मसाला लावलेला सामनचा तुकडा वरून सात-आठ मिनिटांत होतो, उलटावाही लागत नाही. ट्रे धातूचाच हवा. काचेचं भांडं एवढ्या धगीत तडकू शकतं आणि बेकिंगचा कागद पेट घेतो.

आणि पापड! उडदाचा पापड वरच्या खणात ठेवायचा, ओव्हनमधला दिवा लावून काचेतून बघत उभं राहायचं. अर्ध्या मिनिटात फोड येतात, पुढच्या काही सेकंदांत कोळसा. तेवढा वेळ फोन घ्यायचा नाही, आईचा असला तरी.